राखीव

टेबलामागे चौघं. पाचवी मी,
प्रेक्षकांत, तिसऱ्या रांगेत, कडेला.
करारात माझ्या नावापुढे एकच शब्द: राखीव.
कुणी आजारी पडलं तरच.
सेगुनच्या अंगात सकाळपासून कणकण होती,
पण दोन गोळ्या गिळून, चेहऱ्यावर पावडर थापून
तो दिव्यांखाली असा बसला
की ताप म्हणजे काय हे त्याला विचारूनच घ्यावं.

सॅलफर्ड. बाहेर कालव्याच्या पाण्यावर बर्फाची साय,
आत इतकं गरम की टेबलावरचं आमचं लोकरीचं मेंढरू
घामेजल्यासारखं वाटत होतं.
मी विणलेलं. लोकर बाबांच्या कळपातली,
करडी, बोटांना टोचणारी.
चौघांनी त्याचं नाव ठेवलं होतं प्राध्यापक.

निम्मा वेळ संपला तेव्हा आम्ही सत्तरने मागे.
मग हॅरिएटने सायबेरियाच्या तिन्ही नद्या
एका दमात सांगितल्या.
फिन्टनने दोन सुरांतच संगीतकार धरला,
आणि सेगुन, डोळे तारवटलेले,
कोबाल्टवर असा बोलला की सूत्रधाराने
हातातलं कार्ड पुन्हा वाचून पाहिलं.
शेवटची घंटा झाली.
एकशेपासष्ट. एकशेपासष्ट.

बाजूच्या अनोळखी बाईने माझा हात धरला,
तिचा मुलगा समोरच्या संघात होता,
हे आम्हा दोघींनाही नंतर सुचलं.

आता एकच प्रश्न. जो आधी बरोबर, तो पुढे.

"लेक डिस्ट्रिक्टचे मेंढपाळ
मेंढ्या मोजताना जे जुने अंक वापरत,
त्यांत 'बमफिट' म्हणजे किती?"

यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिम्प.
फाटकाशी बाबा उभा, एक पाय दगडी भिंतीवर,
मेंढ्या एकेक करून आत,
वीस झाल्या की एक खडा खिशात.
बमफिटला मी दरवेळी हसायची,
आणि तो दरवेळी चुकल्याचं सोंग करून
पहिल्यापासून मोजायचा.

उत्तर माझ्या दातांमागे येऊन उभं राहिलं,
पावसात भिजलेल्या कुत्र्यासारखं.

रोवनचा बझर आधी वाजला. "बारा."
नाही.
मग आमच्याकडे.
चार डोकी जवळ आली, लांब झाली,
ग्वेनलियनने मान वर करून
एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं.
दिव्यांमुळे तिला आम्ही दिसतच नव्हतो,
नुसता काळोख, खोकणारा.
"वीस," ती म्हणाली.

पुढचा प्रश्न कुठल्याशा ग्रहाच्या चंद्राचा होता.
वाक्य पुरं व्हायच्या आत रोवनने उत्तर दिलं.
बाजूच्या बाईने माझा हात सोडला,
टाळ्यांसाठी तिला तो लागणार होता.

परतीच्या बसमध्ये सगळे जुनाट बिस्किटं खात गप्प.
प्राध्यापक सेगुनच्या मांडीवर.
ग्वेनलियन मागे वळली:
"तुला येत होतं?"
मी म्हणाले, "ऐकलं होतं कधीतरी."
तिने मान हलवली.
खिडकीच्या काचेत माझा चेहरा
मोटारींच्या दिव्यांनी पुन्हा पुन्हा पुसला जात होता.

कार्यक्रम दाखवला मार्चमध्ये.
तोवर निकाल कुणालाच सांगायचा नाही, अशी सही केलेली.
बाबा विचारायचा, मी म्हणायचे, बघशील.

त्या रात्री त्याचा फोन आला दहाच्या पुढे.
मागे चुलीजवळ कुठेतरी बाटलीने दूध पिणारं पिल्लू,
चूक, चूक, चूक.
सामन्याबद्दल अवाक्षर नाही.
वारा कसा आहे ते सांगितलं,
भिंतीचा कुठला तुकडा ढासळला ते सांगितलं,
मग म्हणाला,
"आजवर बमफिट कोकरं झाली,"
आणि थांबला.

बराच वेळ थांबला.

"पंधरा," मी म्हणाले.
"हां," बाबा म्हणाला,
आणि पिल्लाला दुसरी बाटली द्यायला उठला.